दुसऱ्याच्या यशात आनंद मानणारा शास्त्रज्ञ : आल्फ्रेड रसेल वॉलेस



निकालाच्या दिवशी आपण वर्गात पहिल्या आलेल्या मुलाचं नाव घेतो आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला सांगतो. सगळी मुलं वाजवतातही. पण अर्ध्या गुणाने दुसरा आलेला जो असतो ना, त्याच्या टाळीकडे एकदा नीट बघा. हात वाजत असतात, पण चेहरा पडलेला असतो. त्याला दोष द्यायचं कारण नाही. मोठ्या माणसांचंही असंच होतं. शेजाऱ्याने गाडी घेतली, बहिणीच्या मुलाला नवोदयला नंबर लागला, सोबतच्या शिक्षकाला पुरस्कार मिळाला, की तोंडाने आपण अभिनंदन करतो आणि पोटात काहीतरी दुखतं.

दुसऱ्याच्या दुःखात सामील होणं त्या मानाने सोपं आहे. कुणाच्या घरी वाईट झालं की आपण धावत जातो. दुसऱ्याच्या सुखात मनापासून सुखी होणं मात्र शिकावं लागतं. आपल्याकडे या वृत्तीला 'मुदिता' असा सुंदर शब्द आहे. पतंजलींच्या योगसूत्रांत मैत्री आणि करुणेच्या बरोबरीने मुदितेचं नाव येतं, बौद्ध विचारातही येतं. शब्द जुना आहे, पण तो जगायचा कसा हे मुलांना समजावताना आपल्याला उदाहरण लागतं.

असं एक उदाहरण आज सांगणार आहे. ते आहे इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांचं. उत्क्रांतीचा सिद्धांत म्हटलं की आपल्याला चार्ल्स डार्विन आठवतात. पण तोच विचार स्वतंत्रपणे वॉलेस यांनाही सुचला होता, आणि तो त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून डार्विन यांनाच पाठवला होता. पुढे सगळी कीर्ती डार्विन यांच्या वाट्याला आली. तेव्हा वॉलेस कसे वागले, हे वाचण्यासारखं आहे.

शाळा लवकर सुटलेला मुलगा

आल्फ्रेडचा जन्म ८ जानेवारी १८२३ रोजी वेल्समधल्या उस्क गावाजवळ झाला. नऊ भावंडांतला तो आठवा. वडील कायद्याचं शिकलेले, पण त्यांनी वकिली कधी केली नाही. पैसे गुंतवले ते बुडाले आणि घराची परिस्थिती हळूहळू खालावत गेली. आल्फ्रेड लहान असतानाच कुटुंब इंग्लंडमधल्या हर्टफर्ड गावी राहायला आलं. तिथल्या शाळेत तो शिकला. शेवटी शेवटी फी भरणं जमेना, तेव्हा फीच्या बदल्यात त्याने खालच्या वर्गातल्या मुलांना शिकवायचं, असं ठरलं. विद्यार्थीही तोच आणि गुरुजीही तोच! सोबतच्या मुलांसमोर त्याला याची फार लाज वाटायची.

वयाच्या चौदाव्या वर्षाच्या आतच त्याची शाळा सुटली ती कायमची. काही महिने तो लंडनला सुतारकाम शिकणाऱ्या भावाकडे राहिला. मग थोरला भाऊ विल्यम याच्याबरोबर जमीन मोजणीच्या कामाला लागला. साखळी ओढत शेतं, टेकड्या, ओढे तुडवायचे आणि नकाशे काढायचे. या भटकंतीत त्याला झाडाझुडपांची गोडी लागली. स्वस्तातलं एक वनस्पतींचं पुस्तक घेऊन तो रस्त्याकडेच्या रोपांची नावं शोधू लागला. कॉलेजचं तोंडही न पाहिलेल्या या मुलाचं निसर्गशास्त्राचं शिक्षण असं पायी फिरत झालं.

लेस्टरचा मास्तर आणि त्याचा मित्र

मोजणीचं काम कमी झालं तेव्हा, १८४४ साली, वॉलेस लेस्टर शहरातल्या एका शाळेत शिक्षक झाले. चित्रकला, नकाशे काढणं, मोजणी असे विषय ते शिकवत. साधारण वर्षभरच ही नोकरी त्यांनी केली, पण त्या वर्षात दोन महत्त्वाच्या गोष्टी घडल्या.

पहिली म्हणजे तिथल्या वाचनालयात त्यांनी माल्थस यांचा लोकसंख्येवरचा ग्रंथ वाचला. माणसांची संख्या अन्नापेक्षा वेगाने वाढते, आणि दुष्काळ, रोगराई, लढाया तिला आवर घालतात, असा त्याचा आशय. ही गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे कामाला येणार आहे.

दुसरी म्हणजे हेन्री वॉल्टर बेट्स या तरुणाशी झालेली मैत्री. बेट्स वॉलेसपेक्षा दोन वर्षांनी लहान होते आणि त्यांना भुंगेरे गोळा करण्याचा नाद होता. एकट्या लेस्टरच्या आसपास भुंगेऱ्यांचे किती प्रकार सापडतात हे त्यांनी दाखवलं आणि वॉलेस थक्कच झाले. दोघांनी मिळून ठरवलं, की आपण दक्षिण अमेरिकेत अमेझॉनच्या जंगलात जायचं. पक्षी, फुलपाखरं, कीटक जमवायचे, ते विकून खर्च भागवायचा, आणि सजीवांच्या जाती मुळात तयार कशा होतात या कोड्याचा शोध घ्यायचा. दोघांकडेही ना पैसा होता ना पदवी.

सगळं जळून गेलं

१८४८ साली दोघे मित्र अमेझॉनच्या मुखाजवळ उतरले. काही काळाने त्यांनी वेगवेगळ्या वाटा धरल्या. वॉलेस चार वर्षं त्या जंगलात राहिले. त्यांना मदत करायला धाकटा भाऊ हर्बर्ट आला होता. १८५१ साली तो पिवळ्या तापाने तिकडेच वारला.

जुलै १८५२ मध्ये थकलेले, आजारी वॉलेस 'हेलन' नावाच्या जहाजाने परत निघाले. बरोबर कित्येक पेट्या भरून नमुने, वह्या, शिवाय जिवंत पोपट आणि माकडं. ६ ऑगस्टला भर समुद्रात जहाजाला आग लागली. हाताला लागला तो एक पत्र्याचा डबा, त्यात मासे आणि ताडवृक्षांची काही चित्रं होती. बाकी सगळं डोळ्यांदेखत जळालं. दहा दिवस सगळ्यांनी उघड्या होडीत काढले, तेव्हा कुठे दुसऱ्या एका जहाजाने त्यांना उचललं. सुदैवाने लंडनमधल्या त्यांच्या दलालाने मालाचा विमा उतरवला होता म्हणून उपासमार टळली. पण चार वर्षांचं काम काही विम्यातून परत येत नाही.

दुसरा कुणी असता तर घरीच बसला असता. वॉलेस दोन वर्षांच्या आत पुन्हा जहाजात चढले.

लवंगांच्या बेटावर आलेला ताप

१८५४ ते १८६२ अशी आठ वर्षं वॉलेस आजच्या सिंगापूर, मलेशिया आणि इंडोनेशियाच्या बेटांवर फिरले. सुमारे १४,००० मैलांचा प्रवास आणि सव्वा लाखाहून जास्त नमुने! बाली आणि लोम्बोक ही दोन बेटं अगदी जवळजवळ आहेत, पण दोन्हींकडचे पक्षी किती वेगळे आहेत हे त्यांच्या लक्षात आलं. आशियातले प्राणी आणि ऑस्ट्रेलियाकडचे प्राणी यांच्यामधल्या या सीमेला आजही 'वॉलेस रेषा' म्हणतात.

फेब्रुवारी १८५८. लवंगांसाठी प्रसिद्ध असलेल्या तेर्नाते बेटाच्या परिसरात वॉलेस हिवतापाने आजारी होते. थंडी वाजून यायची, अंगावर पांघरुणं घेऊन पडून राहावं लागायचं. पडल्या पडल्या डोक्यात तेच जुनं कोडं फिरत होतं. अचानक त्यांना चौदा वर्षांपूर्वी लेस्टरला वाचलेला माल्थस आठवला. प्राण्यांनाही पिल्लं पुष्कळ होतात, पण जगतात थोडी. मग जगतं कोण? जे त्या परिस्थितीला जास्त जुळणारं असतं ते. त्यांचे गुण पुढच्या पिढीत उतरतात. असं पिढ्यानपिढ्या होत राहिलं तर जात बदलत जाईल, नवी जात तयार होईल!

ताप उतरल्यावर दोन-तीन संध्याकाळी बसून त्यांनी निबंध लिहून काढला. पाठवायचा कुणाला? डार्विन यांच्याशी त्यांचा थोडा पत्रव्यवहार होता. डार्विनही याच प्रश्नावर काम करत आहेत एवढं त्यांना माहीत होतं. नेमकं काय, ते माहीत नव्हतं. त्यांनी निबंध डार्विन यांना पाठवला आणि योग्य वाटल्यास भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायल यांना दाखवावा अशी विनंती केली.

डार्विनच्या घरातली अडचण

जून १८५८ मध्ये ते टपाल इंग्लंडमध्ये पोचलं आणि वाचून डार्विन हादरलेच. वीस वर्षं ते ज्या विचारावर काम करत होते, तोच विचार दुसऱ्या कुणीतरी जगाच्या दुसऱ्या टोकाहून लिहून पाठवला होता. गंमत म्हणजे डार्विन यांनाही १८३८ साली माल्थस वाचतानाच तो सुचला होता. १८४४ साली त्यांनी त्यावर मोठा निबंधही लिहून ठेवला होता, पण पुरावे अजून हवेत म्हणून छापला मात्र नव्हता.

आता काय करायचं? आपण घाईने स्वतःचं छापलं तर ती अप्रामाणिक गोष्ट होईल, असं डार्विन यांना वाटत होतं. निबंध दडपून ठेवणं त्यांना शक्य होतं, बोटीचं टपाल तेव्हा हरवायचंही. पण त्यांनी तसं केलं नाही. निबंध लायल यांच्याकडे पाठवला. त्याच दिवसांत डार्विन यांचं तान्हं बाळ आजारी पडलं आणि २८ जूनला गेलं. दुःखात बुडालेल्या डार्विन यांनी निर्णय लायल आणि वनस्पतिशास्त्रज्ञ हूकर या दोन मित्रांवर सोपवला.

मित्रांनी तोडगा काढला. १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचंही लेखन एकत्र वाचलं गेलं. आधी डार्विन यांच्या जुन्या लेखनातले उतारे, मग वॉलेस यांचा निबंध. डार्विन तिथे नव्हते, ते बाळाच्या दुःखात होते. वॉलेसही नव्हते, ते हजारो मैल दूर बेटांवर होते. विशेष म्हणजे वॉलेस यांना कुणी विचारलंही नव्हतं. विचारणार कसं? पत्र जाऊन उत्तर यायला निम्मं वर्ष गेलं असतं.

पत्र पोचलं तेव्हा

खरी परीक्षा इथे आहे. कल्पना करा. तुम्ही शाळा अर्धवट सुटलेले, पस्तिशीतले, गरीब. भाऊ गेला, चार वर्षांची मेहनत जळाली, तापात पडून तुम्हाला आयुष्यातला सर्वांत मोठा विचार सुचला. आणि काही महिन्यांनी तुम्हाला कळतं, की एका श्रीमंत, नावाजलेल्या गृहस्थांना तो आधीच सुचला होता, तुमच्या परवानगीशिवाय दोघांचं एकत्र वाचन झालं आणि त्यात तुमचं नाव दुसरं आहे. काय वाटेल?

वॉलेस यांना ही बातमी डार्विन आणि हूकर यांच्या पत्रांतून कळली. ऑक्टोबर १८५८ मध्ये त्यांनी हूकर यांना उत्तर लिहिलं. तक्रारीचा एक शब्दही त्यात नाही. उलट अशा वेळी सगळं श्रेय पहिल्या शोधकालाच देतात, आपल्याला मात्र वाटा मिळाला, याबद्दल त्यांनी आभार मानले. त्याच दिवशी आईलाही पत्र लिहिलं, की इंग्लंडमधल्या एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञांना माझा निबंध आवडला. मुलाने बक्षीस मिळाल्यावर आईला कळवावं तसं!

पुढच्या वर्षी, २४ नोव्हेंबर १८५९ रोजी, डार्विन यांचा जातींच्या उगमावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पहिल्या आवृत्तीच्या १,२५० प्रतींपैकी विक्रीसाठी असलेल्या सगळ्या पुस्तकविक्रेत्यांनी लगेच उचलल्या. प्रस्तावनेतच डार्विन यांनी वॉलेस यांचा उल्लेख केला होता. एक प्रत वॉलेस यांना बेटांवर पोचली. त्यांनी ती एकदा नाही, पाच-सहा वेळा वाचली. मित्रांना पत्रं लिहून त्यांनी या ग्रंथाचं तोंड भरून कौतुक केलं. बेट्स यांना लिहिताना त्यांनी मोकळेपणाने मान्य केलं, की मी कितीही वर्षं घालवली असती तरी इतकं परिपूर्ण काम माझ्या हातून झालं नसतं, आणि ते काम डार्विन यांच्या वाट्याला गेलं हे बरं झालं. ही पत्रं खाजगी होती. जगाला दाखवायला लिहिलेली नव्हती. म्हणून मला ती जास्त मोलाची वाटतात.

आनंद मानला म्हणजे स्वतःचं मत सोडलं असं नाही

१८६२ साली वॉलेस इंग्लंडला परतले. १८६९ साली त्यांचं मलाय द्वीपसमूहावरचं प्रवासवर्णन आलं. ते खूप गाजलं आणि आजही वाचलं जातं. हे पुस्तक त्यांनी डार्विन यांना अर्पण केलं. १८८९ साली उत्क्रांतीवर मोठा ग्रंथ लिहिला, त्याला नाव दिलं 'डार्विनिझम'. स्वतःच्याही सिद्धांताच्या पुस्तकावर दुसऱ्याचं नाव!

पण म्हणून ते डार्विन यांचे होयबा झाले नाहीत. मोर-लांडोरीसारख्या पक्ष्यांत नराला रंगीत पिसारा का येतो, माणसाचं मन कसं घडलं, यावर दोघांचे चांगलेच मतभेद होते आणि वॉलेस ते छापून मांडत. त्यांची काही मतं काळाच्या ओघात चुकीचीही ठरली. उदाहरणार्थ, देवीची लस टोचण्याला त्यांनी विरोध केला होता. ते काही देवमाणूस नव्हते. मतभेद एका बाजूला आणि माणसाबद्दलची आपुलकी एका बाजूला, हे मात्र त्यांना जमलं. १८७० साली डार्विन यांनी त्यांना लिहिलेल्या एका पत्रात समाधान व्यक्त केलं होतं, की आपण एका अर्थाने प्रतिस्पर्धी असूनही आपल्यात कधी मत्सर आला नाही.

बेट्स यांच्या बाबतीतही तेच. निरुपद्रवी फुलपाखरू बेचव फुलपाखरासारखं दिसतं आणि पक्ष्यांपासून वाचतं, ही नक्कल बेट्स यांनी शोधून १८६२ साली मांडली. वॉलेस यांनी मलायातल्या फुलपाखरांचे पुरावे जोडून त्या विचाराला बळ दिलं आणि श्रेय बेट्स यांनाच ठेवलं. १८६४ साली रॉयल जिओग्राफिकल सोसायटीत एक चांगली नोकरी निघाली. वॉलेस यांना ती हवी होती. मिळाली बेट्स यांना. त्यांची मैत्री तरीही शेवटपर्यंत टिकली.

पगाराची कायमची नोकरी वॉलेस यांना पुढेही मिळाली नाही. गुंतवणुकीत पैसे बुडाले. घर चालवायला ते लेख लिहीत, व्याख्यानं देत आणि कित्येक वर्षं परीक्षेचे पेपर तपासत! आपल्याला त्यातले कष्ट सांगायला नकोत. ही ओढाताण कळल्यावर डार्विन यांनी खटपट केली, मोठमोठ्या शास्त्रज्ञांच्या सह्या मिळवल्या आणि पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्यापर्यंत अर्ज पोचवला. १८८१ साली वॉलेस यांना वर्षाला २०० पौंडांचं सरकारी निवृत्तिवेतन सुरू झालं. एकाने दुसऱ्याच्या यशात आनंद मानला, दुसऱ्याने पहिल्याच्या अडचणीत धावाधाव केली. पुढच्याच वर्षी डार्विन वारले. वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये त्यांची शवपेटी नेताना मानाने बरोबर चालणाऱ्यांत वॉलेस होते.

अलीची गोष्ट

बेटांवर वॉलेस यांच्याबरोबर अली नावाचा एक मलाय तरुण होता. स्वयंपाक करण्यापासून त्याने सुरुवात केली, मग तो पक्षी टिपायला आणि त्यांची कातडी टिकवायला शिकला. बाचान बेटावर एकदा तो एक विलक्षण पक्षी घेऊन आला. छातीवर हिरवी चमक आणि खांद्यातून निघालेली लांब पांढरी पिसं. स्वर्गीय पक्ष्यांची ती शास्त्राला माहीत नसलेली जात होती. तिला पुढे वॉलेस यांचंच नाव मिळालं. पण आपल्या पुस्तकात हा प्रसंग सांगताना वॉलेस यांनी तो पक्षी अलीने आणला हे स्पष्ट लिहून ठेवलं. आपण वरच्याचं श्रेय मान्य करतो, कारण तो मोठा असतो. हाताखालच्या माणसाचं श्रेय जो लिहून ठेवतो, त्याचा आनंद खरा समजावा.

पन्नास वर्षांनंतर

१ जुलै १९०८ रोजी लिनियन सोसायटीने त्या वाचनाची पन्नास वर्षं साजरी केली. वॉलेस तेव्हा ८५ वर्षांचे होते. डार्विन-वॉलेस पदक नव्याने सुरू झालं होतं आणि त्यातलं सोन्याचं पदक त्यांना देण्यात आलं. डार्विन जाऊन २६ वर्षं झाली होती. आता चार शब्द स्वतःकडे ओढून घेतले असते तरी कुणी अडवलं नसतं. वॉलेस यांनी भाषणात हिशोब मांडला तो असा : डार्विन यांची वीस वर्षं आणि आपला एक आठवडा, त्या प्रमाणात श्रेय वाटावं. मग दोघांनाही एकच विचार का सुचला याचं त्यांनी कारण सांगितलं. दोघेही लहानपणी भुंगेरे जमवणारे, दोघेही लांबचा प्रवास केलेले, दोघांनीही माल्थस वाचलेला.

७ नोव्हेंबर १९१३ रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी, इंग्लंडमधल्या ब्रॉडस्टोन इथे ते वारले. १९१५ साली वेस्टमिन्स्टर ॲबीत डार्विन यांच्या स्मृतिस्थानाजवळ त्यांची स्मृतिमुद्रा बसवली गेली.

हे त्यांना कसं जमलं असेल?

या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या आयुष्यातच दिसतं, असं मला वाटतं.

एक, त्यांना कोड्याचं उत्तर सापडण्यात रस होता. उत्तर कुणाच्या हाताने सापडलं हे दुय्यम होतं. आपण वर्गात गणित सुटल्याचा आनंद आधी साजरा केला आणि कुणी आधी सोडवलं हे नंतर विचारलं, तर मुलांनाही ही सवय लागेल.

दोन, त्यांच्याकडे स्वतःचं आवडीचं काम भरपूर होतं. पत्र पोचल्यावरही ते आणखी तीन वर्षं बेटांवर फिरतच राहिले. ज्याच्या हातात स्वतःचं काम असतं, त्याला दुसऱ्याच्या ताटात बघायला वेळ नसतो. म्हणून प्रत्येक मुलाला एखादी तरी गोष्ट अशी मिळू द्या, जी त्याला मनापासून आवडते. मग ते मातीकाम असो, कबड्डी असो की पेटी वाजवणं.

तीन, ते दुसऱ्याचं काम नीट वाचत. डार्विन यांचा ग्रंथ त्यांनी पाच-सहा वेळा वाचला. ज्याचे कष्ट आपल्याला दिसतात, त्याच्या यशाचा हेवा कमी होतो. नंबर आलेल्या मुलाने रोज पहाटे उठून काय केलं, हे त्यालाच वर्गासमोर सांगू द्या.

एक सावधगिरी मात्र आपण मोठ्यांनी बाळगायची. वॉलेस यांना न विचारता निर्णय झाला, हे योग्य होतं का, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. तेव्हा कुणी मुलाची वही उतरवून बक्षीस घेतलं आणि तो रडत आला, तर त्याला वॉलेसची गोष्ट सांगून गप्प बसवू नका. आधी न्याय करा. मोठ्या मनाची अपेक्षा त्यानंतर, आणि तीही सक्तीने नाही. वॉलेस यांच्या वाट्याला त्यांचं नाव आलं होतं, त्यांचा निबंध त्यांच्याच नावाने वाचला गेला होता, हे विसरून चालणार नाही.

पालकांनाही एक विनंती. जेवताना ताट वाढता वाढता आपण सहज बोलून जातो, बघ त्या अमक्याला किती मार्क पडले. त्या एका वाक्यात मित्राचं यश आपल्या मुलासाठी शिक्षा होऊन बसतं. त्याऐवजी चला, त्याच्या घरी पेढे खायला जाऊ, असं म्हणून मुलाला बरोबर न्या. मित्राच्या आईच्या चेहऱ्यावरचा आनंद त्याला जवळून बघू द्या. मुदिता शिकवायचा इतका सोपा पाठ दुसरा नाही.

मुलांशी चर्चेसाठी प्रश्न

१) जहाज जळाल्यावर वॉलेस पुन्हा प्रवासाला का गेले असतील?
२) डार्विन यांनी निबंध लपवला असता तर काय झालं असतं?
३) वॉलेस यांच्या जागी तुम्ही असता तर आईला पत्रात काय लिहिलं असतं? पाच-सहा ओळी लिहा.
४) या आठवड्यात तुमच्या मित्राच्या किंवा मैत्रिणीच्या कोणत्या गोष्टीचा तुम्हाला आनंद झाला? तो तुम्ही त्यांना सांगितलात का?

चौथा प्रश्न शनिवारच्या परिपाठात घ्यायला सोपा आहे. सुरुवातीला मुलं लाजतात, नंतर हात वर येऊ लागतात. करून बघा आणि मुलांनी काय उत्तरं दिली ते जरूर कळवा.